मेमो दिला की कळवणं थांबतं

कोविडनंतर जिल्ह्याजिल्ह्यांत चाचणी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि जैवसुरक्षा अधिकारी म्हणून माझ्याकडे येणारी पत्रंही वाढली. शंका मात्र फिरून त्याच.

प्रश्न : एमएस्सी झालोय. पुण्याच्या एनआयव्हीतल्या (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) बीएसएल-४ मध्ये, म्हणजे जैवसुरक्षेच्या सर्वांत वरच्या पातळीच्या प्रयोगशाळेत, काम करायची इच्छा आहे. दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र पुरेल का?

नाही. आधी बीएसएल-२ मध्ये हात बसवा. वरच्या पातळीवर अनुभवी माणसाच्या नजरेखाली काम करून दाखवावं लागतं. ‘प्लेसमेंटची हमी’ देणाऱ्यांना पैसे देऊ नका.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेचा झोत सोडणारं टेबल) घ्या, बायोसेफ्टी कॅबिनेटसारखाच, वर स्वस्त.

त्याला म्हणावं, तू बस त्याच्यासमोर क्षयरोगाचं कल्चर (वाढवलेले जंतू) घेऊन. साध्या लॅमिनार फ्लोमधली हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. नमुना सुरक्षित, माणूस उघड्यावर. नमुना आणि माणूस दोघांनाही जपणारं क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेटच हवं. त्याची तपासणी वर्षातून एकदा आणि जागेवरून हलवल्यावर प्रत्येक वेळी, तीही प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच. कोणतं मॉडेल, हे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला विचारा.

प्रश्न : दाढी असताना एन-९५ चालतो का?

नाही. दाढी ठेवायचीच असेल तर हूडवाल्या, पंख्याने गाळलेली हवा देणाऱ्या श्वसनयंत्राबद्दल तुमच्या अधिकाऱ्याशी बोला.

प्रश्न : यूव्ही दिवा पंधरा मिनिटं लावला तर टेबल पुसायची गरज नाही, असं सीनियर सांगतात.

पुसा. जिथे सावली पडते तिथे यूव्ही पोचत नाही.

प्रश्न : मी प्रयोगशाळाप्रमुख आहे. मुलं सांडलवंड लपवतात. दोघांना मेमो दिला, तरी कळवत नाहीत.

‘तरी’ नाही, मॅडम, म्हणूनच. डिसेंबर २००३ मध्ये तैवानच्या बीएसएल-४ प्रयोगशाळेतल्या एका शास्त्रज्ञाने सांडलेला सार्सचा (श्वसनाचा जीवघेणा आजार) कचरा घाईत साफ केला आणि दुसऱ्या दिवशी परिषदेसाठी सिंगापूर गाठलं. परतल्यावर ताप आला, तरी काही दिवस ते घरीच राहिले. हा माणूस शिकाऊ नव्हता, चांगला अनुभवी होता. पुढे लागण कोणाला झाली नाही, हे नशीब. त्याच वर्षी सिंगापूरमधला एक विद्यार्थी वेस्ट नाइल विषाणूवर काम करत होता. त्याच्या नमुन्यात सार्सचा विषाणू मिसळला होता, आणि त्याला सार्स झाला. आपण काय हाताळतोय हेच त्याला ठाऊक नव्हतं. कुलपं, आतली हवा बाहेर न जाऊ देणारं निगेटिव्ह प्रेशर, हवेतले जंतू अडवणारे हेपा फिल्टर सगळं बसवता येतं, पण ‘सर, माझ्या हातून सांडलं’ हे वाक्य विकत मिळत नाही. ते तुमच्या चेहऱ्याकडे बघून येतं किंवा गिळलं जातं.

तेव्हा मेमो मागे घ्या. सांडल्यावर काय करायचं याची तालीम रंगीत पाणी सांडून करा, आणि पहिला नंबर तुमचा. आठवड्याच्या बैठकीत ‘थोडक्यात वाचलं’ असे प्रसंग विचारा, सुरुवात स्वतःपासून. जाणूनबुजून नियम मोडणारा वेगळा. त्याचं काय करायचं ते समितीपुढे न्या, एकट्याने निकाल लावू नका. ताप आला तर रजा कापली जाणार नाही, हे लेखी द्या. पगार कापला जाण्याच्या भीतीने पॅरासिटामॉल घेऊन कामावर येणारी मुलं मी पाहिली आहेत.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी कल्चर हाताळताना सुई ग्लोव्हमधून बोटाला लागली. त्रास काही नाही. कळवायला हवं का?

चार दिवस! आजच, आत्ता. अधिकाऱ्याला फोन करा, मग डॉक्टरकडे जा आणि कोणता जीव होता ते त्यांना नावानिशी सांगा. माझ्या उत्तराची वाट कशाला पाहिलीत?