वाचकांचे प्रश्न : गच्चीवरची मैफल

प्रश्न : बीटल्स या इंग्लिश रॉक चमूचा अखेरचा कार्यक्रम कुठे २९ ऑगस्ट १९६६, तर कुठे ३० जानेवारी १९६९ असा दिलेला आढळतो. खरी तारीख कोणती? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्ही तारखा खऱ्या आहेत, फरक तिकिटाचा आहे. पैसे मोजून आलेल्या श्रोत्यांसमोरचा त्यांचा शेवटचा कार्यक्रम १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्क मैदानावर झाला, तर लोकांच्या कानांवर पडेल असे त्यांचे शेवटचे एकत्र वादन ३० जानेवारी १९६९ रोजी लंडनच्या सॅव्हिल रो रस्त्यावर, त्यांच्याच ‘ॲपल’ या संगीत कंपनीच्या गच्चीवर, ऐन दुपारी झाले. थंडी इतकी होती की चमूतल्या जॉन लेननने प्रेयसी योको ओनोचा फरकोट आणि ड्रमवादक रिंगो स्टारने पत्नीचा लाल रेनकोट चढवला होता. वाऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून मायक्रोफोनना बायकांचे पायमोजे गुंडाळले होते. कीबोर्डवर चमूबाहेरचा साथीदार बिली प्रेस्टन होता. ‘गेट बॅक’ हे गाणे तीनदा वाजले, रस्त्यावर गर्दी जमली, तक्रारी गेल्या आणि सुमारे ४२ मिनिटांनी पोलिसांमुळे सारे आटोपले.

मात्र गच्चीवरून उतरताच हा चमू फुटला, हा समज चुकीचा आहे. ‘ॲबी रोड’चे बरेचसे काम त्यानंतरचे असून ती तबकडी सप्टेंबर १९६९ मध्ये आली. गच्चीवरची तीन मुद्रणे मे १९७० मधल्या ‘लेट इट बी’ या तबकडीत ऐकायला मिळतात, आणि आमच्या मते त्यांतले ‘वन आफ्टर ९०९’ सर्वांत मोकळे आहे.