बॉनेटवरचा चिकटा

प्रश्न : अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आमच्या मुलीचे लग्न झाले. सजावटवाल्याने गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर नावांची पाटी डबल टेपने चिकटवली होती आणि दारांवरच्या माळा खाकी चिकटपट्टीने लावल्या होत्या. पाहुण्यांच्या गडबडीत गाडी तीन आठवडे तशीच उन्हात राहिली. आता पाटी निघाली आहे. पण टेपचा फोम आणि चिकटा रंगावर तसाच असून त्यावर काळी धूळ बसली आहे. गाडी धुणाऱ्या मुलाने एका दारावर थिनर लावून पाहिले, तर तेवढा भाग पांढुरका पडला. शेजारी रॉकेल सुचवतात आणि चालक भांड्यांच्या घासणीने घासू का, असे विचारतो. काय करावे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चालकाला घासणी आधी स्वयंपाकघरात परत ठेवायला सांगावे. गाडीच्या रंगावर सर्वांत वर जो पारदर्शक थर असतो, ज्याला गॅरेजमध्ये क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो आणि गाडीची सगळी चकाकी त्याच्यावरच अवलंबून असते. घासणीने चिकटा निघेलही, पण त्याबरोबर या थरावर उठलेले ओरखडे गडद निळ्या रंगावर उन्हात लांबूनही दिसतील.

चिकटा हट्टी का झाला, हे समजले की उपाय सोपा होतो. टेपवरचा गोंद कधीच पूर्ण वाळत नाही, तो अतिशय घट्ट अशा द्रवासारखा असतो. वैशाखातल्या सोलापुरी उन्हात तो आधी मऊ होऊन रंगावर नीट पसरतो आणि पुढे ऊन व उष्णता यांमुळे त्याचे रेणू एकमेकांत गुंतून तो कडक होत जातो. त्यामुळे तीन आठवड्यांचा चिकटा तीन दिवसांच्या चिकट्याइतक्या लवकर सुटणार नाही. मात्र त्याला जोर नको, मुरायला वेळ हवा.

प्रथम गाडी भरपूर पाण्याने धुऊन घ्यावी, कारण धुळीतले बारीक खडे बोळ्याखाली सापडले तर ते पॉलिश पेपरसारखे काम करतात. त्यानंतर फोम काढावा. त्यासाठी गाडी दहा-पंधरा मिनिटे उन्हात ठेवावी. ढगाळ हवा असेल तर केस वाळवायचा ड्रायर वीतभर अंतरावरून सतत फिरवत ठेवावा. पत्रा हाताला सोसवेल इतकाच गरम असावा. फोमखाली नायलॉनचा मजबूत दोरा घालून तो करवतीसारखा पुढेमागे ओढला की फोम कापला जातो. (पतंगाचा मांजा घेऊ नये, त्याला काचेची पूड असते.) मग अंगठ्याने एका कडेकडून रेटत गेल्यास, कणीक मळल्यावर हातावरून सुटतात तशा, गोंदाच्या करड्या वळ्या निघू लागतात. अर्धे काम इथेच होते. ब्लेड किंवा स्क्रू-ड्रायव्हर मात्र रंगावर टेकवू नये. फार तर जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेला कापड गुंडाळून वापरावे.

उरलेल्या पातळ थरासाठी गाडी सावलीत घेऊन पत्रा पूर्ण थंड होऊ द्यावा, नाहीतर लावलेले द्रव्य काम करण्याआधीच उडून जाते. फणस चिरताना हाताला तेल का लावतात, हे आपल्या घरात ठाऊक असेलच. इथेही तोच न्याय आहे. औषधाच्या दुकानातल्या निलगिरी तेलात कापसाचा बोळा भिजवून तो चिकट्यावर पाच-सात मिनिटे नुसता ठेवावा, घासू नये. नंतर मऊ कापडाने एकाच दिशेने पुसून घ्यावे आणि गरज पडल्यास हेच दोन-तीन वेळा करावे. खाकी पट्टीचा गोंद बऱ्याचदा रबरी असतो, त्यावर रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइनही चालते. रॉकेलही त्याच जातीचे. पण आता ते सहज मिळत नाही आणि मागे तेलकट थर सोडते. फोम टेपचा गोंद बहुधा ॲक्रिलिकचा असतो, तो तेलाला दाद देत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावावे, पण ते रंगावर साचू देऊ नये. कोणतेही द्रव्य आधी पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावून कापडावर रंग उतरतो का, हे पाहावे. पेट्रोल वापरूच नये, त्याची वाफ लांबूनही पेट घेते. शेवटी सौम्य शाम्पूच्या पाण्याने तेल धुऊन लगेच कोरडे पुसावे. बोअरचे जड पाणी पत्र्यावर वाळले तर त्याचे पांढरे डाग पडतात.

सोलापूरकरांना टॉवेलविषयी सांगणे धाडसाचे आहे, तरीही सांगतो : नव्या कोऱ्या टॉवेलचे तंतू चिकट्यावर बसतात आणि जड पाण्याने कडक झालेला जुना टॉवेल ओरखडे पाडतो. अनेकदा धुतलेला मऊ टॉवेल किंवा मायक्रोफायबर घ्यावा.

आता पांढुरक्या डागाविषयी. थिनर आणि नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन क्लिअर कोटला मऊ करतात. त्यातही दार पूर्वी गॅरेजमध्ये रंगवलेले असेल, तर तो रंग कारखान्यातल्या रंगाइतक्या तापमानाला भाजलेला नसल्याने अधिक लवकर बिघडतो. डागावर पाणी शिंपडून पाहावे. ओला असताना तो नाहीसा होऊन वाळल्यावर परत दिसला, तर इजा वरवरची आहे आणि आठवडाभराने बारीक पॉलिशिंग कंपाऊंडने चकाकी बहुतेक परत येईल. पाण्यातही डाग तसाच राहिला किंवा नखाला खाच लागली, तर पेंटरला दाखवावे. तिथे घरी प्रयोग करू नयेत.

प्रश्न : मागच्या काचेवरचे जुने स्टिकर काढले, गोंद ब्लेडने खरवडू का? तसेच डिकीवरच्या स्टिकरखालचा रंग आजूबाजूपेक्षा गडद दिसतो, तो डाग कसा घालवावा?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : पुढच्या काचेवर बाहेरून, साबणाचे पाणी लावून ब्लेड आडवे धरले तर चालते. मागच्या काचेवर आतून बारीक तांबूस रेघा असतील तर तिथे ब्लेड अजिबात नको. त्या दव घालवणाऱ्या तापकाच्या तारा आहेत आणि एक जरी तुटली तरी तेवढी ओळ गरम होत नाही. डिकीवरचा गडद भाग हा डाग नसून आपल्या गाडीचा मूळ रंग आहे, उन्हाने विटला आहे तो भोवतालचा भाग. भोवतालच्या भागाला पॉलिश केल्यास फरक कमी होईल, पूर्ण जाईलच असे नाही.