करून पाहा, मग ठरव

बेटा,

पत्र मिळालं. घरी स्थळं येतायत, मामा तलाठ्याच्या परीक्षेचा आग्रह धरतात, आणि तू लिहितेस, ‘मी नेमकी कोण, तेच कळत नाही.’ २२ व्या वर्षी हे न कळणं चूक नाही. न कळता वावराच्या धुऱ्यावर बसून विचार करत राहणं ही चूक.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सननं १९५० मध्ये आयुष्याचे ८ टप्पे मांडले. तान्हेपणी विश्वास, मग स्वतःचं स्वतः करणं, पुढाकार, शाळेच्या वयात कामाचा हुरूप, पाचवा ‘मी कोण’ या ओळखीचा. सहावा जवळिकीचा, पुढे नव्या पिढीची काळजी, म्हातारपणी झालेलं आयुष्य आपलं म्हणणं. पाचवा १२ ते १८ वयाचा म्हणतात. आपल्याकडे कास्तकाराच्या पोरीला बारावीपर्यंत निवडू देतं कोण? म्हणून तो तुला आत्ता गाठतोय. आणि लग्न हे सहाव्याचं काम. पाचवा कच्चा राहिला तर जवळीक म्हणजे दुसऱ्यात विरघळून जाणं होतं. घरी सांग, एक वर्ष थांबा. हात जोडून नको, तारीख देऊन सांग.

याच ओळखीबाबत जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये दोनच गोष्टी तपासल्या: पर्याय धुंडाळले का, आणि कशाला बांधून घेतलं का. न धुंडाळता मामाचं ऐकलंस तर ती उसनी ओळख. दिसते पक्की, दोन निकालांत उसवते. म्हणून करून पाहा. किती वेळा सांगू?

दिवाळीनंतर एक एकर पऱ्हाटी तू सांभाळ: वेचणीच्या बाया सांगणं, काट्यावर वजन, जिनिंगचा चुकारा, सगळा हिशेब तुझा. मग ६ आठवडे परीक्षेचा अभ्यास, रोज ६ तास. मग ६ आठवडे गावातल्या बचत गटाच्या वह्या. रोज रात्री दोन ओळी लिही: कुठल्या कामात वेळ कळला नाही, कुठल्या कामासाठी लोकांनी पुन्हा बोलावलं. दुसरी टाळू नको. आपण स्वतःला जे समजतो आणि लोक आपल्यात जे पाहतात, ते जुळतं तेव्हाच ओळख घट्ट होते, असं एरिक्सन मानत असे.

बिघडतं कुठे? मुदत संपतच नाही तिथे. अभ्यासिकेत ५ वर्षं बसलेलं पोरगं शोधतंय असं वाटतं, त्याचा शोध कधीच थांबलेला असतो. लोक मला हट्टी म्हणतात, म्हणोत. न करता ठरवल्याचा पस्तावा मला माहीत आहे, म्हणूनच इतकं बोलतो.

पहिल्या वेचणीचा हिशेब मला पाठव. मणामागे वेचाई किती पडली, तेही लिही.