वाचक विचारतात : जर्मन येत नाही, मग बर्लिनच्या भिंतीवर प्रोजेक्ट कसा करू?

प्रश्न : मी एम.ए. हिस्टरीला आहे, डोंबिवलीहून कलिनाला येते. विषय घेतलाय पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटींचा पाडाव. सर म्हणतात नुसती पुस्तकं चालणार नाहीत, प्रायमरी सोर्स, म्हणजे त्या काळातले मूळ कागद, आणा. मला जर्मन येत नाही, रशियन तर नाहीच. काय करू?

उत्तर : आधी विषय छाट गं. पोलंड वेगळं, रोमानिया वेगळं, मॉस्को तर तिसरंच, एका प्रोजेक्टात एवढं सगळं मावायचं नाही. एकच दिवस धर. मी ९ नोव्हेंबर १९८९ घेईन, बर्लिनची भिंत उघडली तो दिवस, कारण त्या दिवसाचे कागद घरबसल्या इंग्रजीत वाचता येतात, तेही फुकट.

अमेरिकेतल्या विल्सन सेंटरच्या डिजिटल आर्काइव्हमध्ये गुंटर शाबोव्स्कीच्या प्रेस कॉन्फरन्सची नोंद आहे. हा पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचा नेता, हातात परदेश प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद, आणि ते नियम ठरले तेव्हा हा बैठकीला नव्हताच. घोषणा खरं तर दुसऱ्या दिवशी पहाटे करायची होती. पत्रकारांनी विचारलं कधीपासून, हा कागद चाळत म्हणतो, माझ्या माहितीप्रमाणे लगेच, ताबडतोब. झालं, लोक भिंतीतल्या सीमा नाक्यांवर जमले. आता तो नियमांचा मसुदा शेजारी ठेवून वाच, त्यात परवानगीसाठी अर्ज करा असं आहे, भिंत उघडली असं कुठेही नाही. कागद काय म्हणतो आणि लोकांनी काय ऐकलं, या फरकातच तुझा प्रोजेक्ट आहे.

दुसरं, सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांचे सल्लागार अनातोली चेर्न्यायेव यांची डायरी. ती नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्हच्या साइटवर इंग्रजीत आहे (नाव सरकारी वाटतं पण ते जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतलं खाजगी आर्काइव्ह आहे). १० नोव्हेंबरलाच ते लिहितात की समाजवादी व्यवस्थेचं एक पर्व संपलं. डायरीला वजन आहे ते त्या तारखेमुळे, दहा वर्षांनी लिहिलेल्या आठवणीत सगळेच शहाणे असतात. स्टासीच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, फायलींचा मोह मात्र टाळ, १११ किलोमीटर कागद आहेत, बहुतेक जर्मनमध्ये, आणि खबऱ्याने साहेबाला खूश करायला काय लिहिलंय हे ओळखायला वर्षं जातात.

आता मुंबईतलं, जे कुणी करत नाही. एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीत किंवा दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी कर, तेव्हाचे मराठी पेपर बघायला मिळतील का म्हणून. पण १० तारखेचा अंक मागून हिरमुसू नकोस, बर्लिनचा पहिला नाका रात्री साडेअकराच्या सुमारास उघडला तेव्हा आपल्याकडे पहाटेचे चार वाजले होते, पेपर कधीच छापून झालेले. ११ तारखेपासून पुढे बघ. आणि ९ तारखेलाच अयोध्येत शिलान्यास झाला होता, लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, त्या गर्दीत बर्लिनला किती कॉलम मिळाले, अग्रलेख आला का, कुणी लिहिला, लालबाग-परळच्या कम्युनिस्टांचं म्हणणं कुठे छापलं का, हे मोजलंस तर ते तुझं स्वतःचं काम होईल, सरांनी पण वाचलेलं नसेल.

जाण्याआधी फोन करून वेळ आणि फोटोची परवानगी विचार. आणि प्रत्येक कात्रणाखाली पेपर, तारीख, पान नंबर तिथेच लिही, नाहीतर एका फूटनोटसाठी परत दादरची फेरी पडेल.