जुन्या गाडीचं ॲव्हरेज अचानक का पडतं?

तुम्ही लिहिलंय की 2009 ची पेट्रोल गाडी 16 चं ॲव्हरेज द्यायची, ती महिन्याभरात 11 वर आली आणि गॅरेजवाला इंजिनाचं काम काढायला सांगतोय. कळकळीची विनंती आहे, इतक्यात इंजिन खोलू देऊ नका. इंजिन झिजतं तेव्हा ॲव्हरेज हळूहळू उतरतं, सोबत ऑइल कमी होतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. महिन्यात 5 किलोमीटर गेले, म्हणजे गाडीत काहीतरी एक बिघडलंय किंवा कुणीतरी काहीतरी बदललंय. गेल्या 2-3 महिन्यांत गाडीचं कोणतं काम झालं, ते आधी आठवा.

हे मी अनुभवावरून सांगतोय. माझी 2008 ची हॅचबॅक अशीच 17 वरून 12 वर आली होती. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले. साडेचार हजार गेले, फरक शून्य. शेवटी साताऱ्यातल्या एका जुन्या मिस्त्रींनी गाडी स्वतः चालवून आणली आणि विचारलं, "काटा कायम इतकाच वर येतो का?" टेंपरेचरचा काटा खालच्या रेघेच्या जरा वर येऊन थांबला होता. अर्धा तास गाडी चालवूनही तो मधे येत नव्हता, आणि माझं तिकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

झालं होतं असं, की आधी रेडिएटरचं काम केलं तेव्हा थर्मोस्टॅट काढून टाकला होता. "आपल्याकडच्या उन्हात त्याची गरज नाही" असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. थर्मोस्टॅट कूलंटला साधारण 80-85 अंशांपर्यंत रेडिएटरकडे जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन लवकर तापतं. तो नसला किंवा उघडाच अडकला, की इंजिन थंड राहतं. कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. काही शे रुपयांचा थर्मोस्टॅट बसवला आणि पुढच्या टाकीला साडेसोळा मिळाले. कूलंटचा सेन्सर चुकीचं तापमान दाखवत असेल तरी हेच होतं, म्हणून स्कॅनर लावायला सांगा.

तुमचा काटा मधोमध येत असेल, तर ब्रेक बघा. 10-12 किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न मारता गाडी थांबवा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. हात लावू नका, नुसता जवळ धरा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं, तर तिथे ब्रेक धरतोय. पावसाळ्यात गाडी उभी राहिली की कॅलिपरच्या पिना गंजून जाम होतात, मागे हँडब्रेकची केबल अडकते. पिना साफ करून ग्रीस लावलं की बहुतेक वेळा काम होतं. हे ॲव्हरेजपुरतंच नाही, घाट उतरताना तो ब्रेक तापून निकामी होऊ शकतो, तेव्हा लांबवू नका.

ई20 पेट्रोलबद्दलही विचारलंय. इथेनॉलमध्ये लीटरमागे पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे 20 टक्के मिसळल्यावर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत 6-7 टक्क्यांची घट पटते. तुमची घट 30 टक्क्यांच्या वर आहे, ती एकट्या ई20 ने होत नाही. पण जुन्या गाडीतले रबरी पाइप या पेट्रोलसाठी बनवलेले नसतात, तेव्हा टाकीजवळ किंवा बॉनेटखाली पेट्रोलचा वास येतो का ते बघाच. वास आला तर गाडी चालवू नका.

टायरची हवा, तुंबलेला फिल्टर यांनी थोडंफार जातं, 5 किलोमीटर नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी धरत असेल, तर मात्र ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या.

आणि एक, 11 हा आकडा कसा काढला? डॅशबोर्डवरचा असेल तर तो सोडा. एकाच पंपावर ऑटो कटपर्यंत टाकी भरा, 200 किलोमीटर चालवा, तिथेच परत कटपर्यंत भरा आणि भागाकार करा. रोजचा प्रवास आता 3-4 किलोमीटरचाच झाला असेल तर इंजिन तापायच्या आतच गाडी बंद होते, आणि कसलाही बिघाड नसताना ॲव्हरेज पडतं. काटा कुठे थांबतो आणि कुठलं चाक तापतं, एवढं इथे कळवा, पुढचं सांगतो.