सिझेरियनच्या स्पायनलसाठी हेवी बुपिव्हकेन घ्यावं की प्लेन? बीपी पडू नये म्हणून डोस कमी ठेवला तर चालतो का?

हेवी. (स्पायनल म्हणजे पाठीच्या मणक्यांमधून दिलेली भूल, बुपिव्हकेन हे त्यातलं बधिर करणारं औषध.) पण तुमच्या दुसऱ्या वाक्याने माझी जुनी खपली निघाली, म्हणून लिहिते आहे.

रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष, रात्रीचं सिझेरियन. बाई बुटक्या होत्या. मी ०.५ टक्के हेवी २ मिली आणि २० मायक्रोग्रॅम फेंटॅनिल हे वेदनाशामक भरत होते. सरांनी सिरिंज हातातून घेतली. "एवढ्याशा बाईला १० मिलिग्रॅम? बीपी कोण सांभाळणार?" १.६ मिली भरलं. फेंटॅनिल बाजूला, बाळाला नको म्हणे. (स्पायनलमधल्या एवढ्याशा डोसाने बाळाला काही होत नाही.) मग बाईंना "पाय उचला" म्हणाले. पाय उचलेनात. झाली लेव्हल, म्हणजे बधिरपणा कुठवर चढला ते, बघून!

बाळ निघालं, छान रडलं. टाके घालायला गर्भाशय बाहेर घेतलं आणि बाई किंचाळल्या. "ओढल्यासारखं वाटणारच," सर. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, ओढत नाहीये, दुखतंय." शेवटी केटामिन हे गुंगीचं औषध द्यावं लागलं. केसपेपरवर काय लिहिलं गेलं? रुग्णाने सहकार्य केलं नाही.

पोटाच्या आतली ही दुखच फेंटॅनिल मारतं. ते काढायचं, वर डोस ८ मिलिग्रॅमवर आणायचा आणि नुसते पाय बघून चाकू द्यायचा, याला मी सावधपणा म्हणत नाही. पाय जड झाले म्हणजे टी ४ पर्यंत (साधारण स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत) थंडपणा कळेनासा झाला असं नव्हे. बर्फ लावा, स्पर्शही तपासा, दोन्ही बाजूंना. बीपीसाठी ते वर ठेवणारं फिनाइलएफ्रिन आहे. ते स्पायनल दिल्या दिल्या सुरू करा, गर्भाशय डावीकडे कलतं ठेवा. बीपी आपण सांभाळायचं, त्याची किंमत बाईने दुखून का मोजायची?

हेवीच का, तर दर मिलीत ८० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोज असल्यामुळे ते सीएसएफपेक्षा (मणक्यातल्या पाण्यासारख्या द्रवापेक्षा) जड असतं, टेबल कलवून थोडंफार हवं तिकडे नेता येतं. लवकर चढतं, अंदाज येतो. प्लेन शरीराच्या तापमानाला किंचित हलकं ठरतं. बसवून दिलं आणि आडवं करायला वेळ लागला, तर ते कुठवर चढेल याचा भरवसा नाही. लेव्होबुपिव्हकेन या भावंड औषधाशी माझं भांडण नाही. नंतरच्या दुखण्याला १०० मायक्रोग्रॅम मॉर्फिन चांगलं, फक्त खाज सुटते आणि श्वासावर पुढे बराच वेळ लक्ष ठेवावं लागतं.

हां, एपिड्युरल कॅथेटर (पाठीत ठेवलेली औषधाची बारीक नळी) सोबत असेल तर कमी डोस जरूर द्या, वरून भर घालता येते. हृदयाचा गंभीर आजार असेल तर तसंच करावं लागतं. आणि फारच बुटकी बाई असेल तर मीही थोडा कमी करते, हे कबूल.

सर अजून भेटले की म्हणतात, "त्या केसला बीपी जराही पडलं नव्हतं." खरंय. बाई किंचाळत होत्या तेव्हा १५० होतं.