इंटर्नशिप मिळाली, आधी १,४९९ भरा म्हणायलेत

प्रश्न : ताई, मी गंगाखेडचा, संभाजीनगरला एम.कॉम. पहिलं वर्ष करायलो. दुसऱ्या सेमिस्टरला चार क्रेडिटचं ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे कुठंतरी प्रत्यक्ष काम करून शिकायचं) आहे अन् डिपार्टमेंटमधे म्हणायलेत जागा तुमची तुम्हीच बघा. दोन महिने झाले इन्स्टा, टेलिग्राम, लिंक्डइन पालथं घातलं, उत्तर एकाचंच आलं. 'सिलेक्ट झालात, १,४९९ रुपये भरा, सर्टिफिकेटसोबत परत मिळतील.' रूममेट म्हणतो भरून टाक. भरू का?

उत्तर : नको रे बाबा! काम तू करणार अन् पैसेही तूच देणार, कॉमर्सवाल्याला हे गणित पटलंच कसं? ना मुलाखत, ना कामाचं नाव, डायरेक्ट सिलेक्ट. अन् नुसत्या सर्टिफिकेटनं भागत नाही, चार क्रेडिट म्हणजे साधारण १२० तास, त्याची डायरी, वर साहेबाची सही, ते टेलिग्रामवाला देणार आहे का? रूममेटनं आधीच भरले असतील (मला तीच शंका येतीय) तर त्याला आजच्या आज १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायला सांग, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं.

सोशल मीडिया वाईट नाही, तू जाहिराती शोधायलास, माणसं शोध. लिंक्डइनवर आपल्या विद्यापीठाच्या पेजला माजी विद्यार्थ्यांची यादी असते, त्यात वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांत अकाउंट्सला कोण आहे ते बघ अन् चारच ओळी लिही, कुठला, कोणत्या तारखांना मोकळा, टॅली-एक्सेल किती येतं. 'डिअर सर, आय अ‍ॅम हार्डवर्किंग' छापाचं काही नको, ते कोणी वाचत नाही. दहातले दोघं उत्तर देतील, पण आपल्याच कॉलेजचा पोरगा म्हटल्यावर देतात.

अन् खरं सांगू का, एम.कॉम.वाल्याला सीएच्या ऑफिसएवढं शिकायला दुसरीकडं मिळत नाही. तिथं मेसेज नको, स्वतः जा, फक्त महिन्याच्या ११ अन् २० तारखेच्या आसपास जाऊ नको, जीएसटी रिटर्नची घाई असते, तुला कोणी पाणीसुद्धा विचारणार नाही. जाताना डिपार्टमेंटचं लेटरहेडवरचं पत्र घेऊन जा. अन् गंगाखेडलाच एखाद्या सीएकडं केलं तर चालतं का, हे सरांना विचारलंस का रे? चाललं तर मेसचे अन् खोलीचे पैसे वाचले.